दोन जिवांची ये-जा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. माझी सून कोल्हापुरातून कामावरून आली, चपला काढल्या आणि ओसरीवरच भिंतीला टेकून बसली. आमच्या घरी बोलणं दखनीत चालतं. ती म्हणाली, "अम्मी, ऑफिस में अबी बोली नै मैं." म्हणजे, ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. तिला तिसरा महिना होता. मी तांदूळ निवडत होते. हात तिथेच थांबला, कारण जवळजवळ तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मत बोल. जब दिखेगा तब दिखेगा." त्यांनी ते मायेनंच सांगितलं होतं. पण त्या न सांगण्याची किंमत माझ्या मुलानं मोजली.

आधी तेच सांगते. १९९६ साल. मी बी.ए. होऊन कोल्हापुरात एका कार्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर कारकून होते. नेमणूक दर काही महिन्यांनी पुढे वाढवून मिळायची. दिवस गेल्याचं कळलं तर पुढचा कागद निघणार नाही, ही भीती. पन्हाळ्याहून कोल्हापूर साधारण वीस किलोमीटर. घाट उतरायचा, बुधवार पेठ, वाघबीळ, मग केर्ली, मग शिवाजी पूल आणि शहर. जाताना बसायला जागा मिळायची. येताना निम्मी वाट उभ्यानं. एक कंडक्टर फार भला माणूस होता. माझ्याकडे एकदा बघून तो कुणाला तरी उठवायचाच. त्याला मी काहीही सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यापासून मात्र मी पदराआड सगळं लपवत होते.

त्या कार्यालयात बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं. त्यावर मी शोधलेला उपाय आपल्याकडच्या हजारो बायका आजही करतात. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचंच नाही आणि संध्याकाळी घरी येऊन एकदम तांब्याभर प्यायचं. सातवा सरताना ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. तेही मी अंगावर काढलं. एके रात्री कळा सुरू झाल्या. मुलगा सहा आठवडे आधी जन्मला. वजन पावणेदोन किलोही नव्हतं. तीन आठवडे तो काचेच्या पेटीत होता. डॉक्टर म्हणाले, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग हे वेळेआधी कळा सुरू होण्याचं एक कारण असतं, आणि पाणी कमी प्यायल्यानं तो संसर्ग बळावतो. मुलगा वाचला, वाढला आणि आता बाप होणार आहे. पण त्या तीन आठवड्यांत काचेबाहेर बसून मी जे शिकले, तेच आज सांगायला आले आहे.

आपल्याकडे बाळंतपणाची तयारी म्हटली की डिंकाचे लाडू, अळीव, झबली-टोपडी, दुपटी, जुन्या लुगड्याची मऊ वाकळ हे डोळ्यांपुढे येतं. ते सगळं हवंच. पण नोकरी करणाऱ्या आणि रोज ये-जा करणाऱ्या बाईच्या तयारीची सुरुवात तोंड उघडण्यापासून होते. कामाच्या ठिकाणी वेळेवर सांगितलं, तर पुढची प्रत्येक गोष्ट मागता येते. न सांगणाऱ्या बाईला कायदाही मदत करू शकत नाही.

हा कायदा काही कुणाच्या उपकारातून आलेला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांना प्रसूतिकाळात भत्ता मिळावा असं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या सभागृहाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आमचा पन्हाळा तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता, त्यामुळे इथल्या बायकांना त्याचा काही उपयोग नव्हता. देशभरासाठी कायदा झाला तो १९६१ साली. त्यात बारा आठवड्यांची भरपगारी रजा होती. २०१७ साली ती सव्वीस आठवड्यांची झाली. पुढे २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी घेतल्या गेल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

यातल्या कामाच्या गोष्टी साध्या भाषेत सांगते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकान-कार्यालयांना हे नियम लागू आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ऐंशी दिवस काम झालेलं असावं. पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे रजा मिळते, त्यांतले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर पुढच्यासाठी बारा आठवडे. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. हंगामी किंवा रोजंदारीवरच्या बाईनंही 'हे आपल्यासाठी नाही' असं समजू नये. २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या स्त्री कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रसूतिरजेचा हक्क त्यांनाही आहे असा निकाल दिला. म्हणजे १९९६ साली मी ज्या भीतीनं गप्प राहिले, त्या भीतीला पुढे चारच वर्षांत उत्तर मिळालं. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर रजेचा पगार मालकाऐवजी ईएसआयकडून मिळतो. आणखी एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. या सवलतींची माहिती बाईला नेमणुकीच्या वेळीच लेखी देणं मालकावर बंधनकारक आहे.

माझ्या सुनेला असा कागद कुणी दिला नव्हता. ती एका खासगी ठिकाणी हिशेबाचं काम करते. आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला. कविता लिहायला मला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ त्या चार ओळींना लागला. मजकूर एवढाच की मी गरोदर आहे, डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख ३१ जुलै आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे आणि रजेची नेमकी तारीख पुढे कळवीन. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवली. साहेबांचा चेहरा जरा उतरला म्हणे. "सहा महिने?" असं त्यांनी विचारलं. पण मार्चअखेरची कामं कुणी करायची आणि नंतर तिची फाईल कुणी सांभाळायची, हे ठरवायला त्यांच्या हाती वेळ होता. सहाव्या महिन्यात कळलं असतं, तर त्यांची चिडचिड काही अगदी गैर म्हणता आली नसती.

तारीख काढायची रीत सोपी आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. हिचा दिवस २४ ऑक्टोबर, म्हणून ३१ जुलै. ही तारीख कळली की कॅलेंडरवर पुढच्या खुणा करता येतात. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीचा दिवस येतो १९ जून. त्याआधीचा महिनाभर, म्हणजे १९ मेपासून, बाईनं विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. दुकानात काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींनी ही तरतूद लक्षात ठेवावी. मात्र विनंती तिनं स्वतः करायला हवी.

आता रोजच्या वाटेविषयी. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी गर्भ पडतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. गरोदरपण निरोगी असेल तर साध्या हादऱ्यांनी तसं होत नाही. खरा धोका पडण्याचा आणि अपघाताचा. पोट पुढे येतं तसा अंगाचा तोल बदलतो. म्हणून पाचव्या महिन्यापासून घाटात मुलाची मोटारसायकल बंद केली. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळायची, मधली धरायची, गाडी पुरती थांबल्याशिवाय उठायचं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, पण गर्दीही वाढली. म्हणून तिनं ऑफिसात अर्धा तास लवकर जाऊन अर्धा तास लवकर निघण्याची परवानगी मागितली. मिळाली. गर्दीच्या आधीची गाडी सापडू लागली आणि बसायला जागाही मिळू लागली. खर्च कुणाचाच झाला नाही. मोटारीनं जाणार असाल तर पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यायचा.

पाण्याची बाटली तिच्या पिशवीत रोज माझा मुलगा भरून ठेवतो. ज्या मुलाचा जन्म पाण्यावाचून लवकर झाला, त्यालाच मी ते काम दिलं आहे. संध्याकाळी बाटली रिकामी आहे की नाही, हेही तोच बघतो. टेबलावर बसून काम करणारीनं तासातासानं उठून चार पावलं चालावं. पाय सुजतात, तेव्हा ते खाली लोंबते न ठेवता छोट्या स्टुलावर टेकावेत. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान एकशेऐंशी दिवस. ती चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. आमच्याकडे तर दर तासाला चहा. म्हणून गोळी रात्री झोपताना, हा नियम केला. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं तर डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं.

तपासण्या किमान चार. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांत, तिसरी अठ्ठावीस ते चौतीसमध्ये आणि चौथी छत्तिसाव्यानंतर. नोकरी करणारी बाई तपासणी पुढे ढकलते, कारण एक दिवसाची रजा जाते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ही तारीख आधीच ठाऊक असते, त्यामुळे रजा आधीच मागून ठेवता येते. आणि काही लक्षणं अशी आहेत की त्यांच्यासाठी ना ९ तारखेची वाट पाहायची, ना रविवारची. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर हातातलं काम तिथंच टाकून दवाखाना गाठायचा. सुनेनं ही यादी ऑफिसातल्या शेजारच्या मैत्रिणीलाही सांगून ठेवली आहे. दिवसातले आठ तास आपली माणसं म्हणजे तीच असतात.

आता गडावर राहणाऱ्यांची खास अडचण. पन्हाळ्यावर राहायला हवा चांगली. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीतही त्याचं नाव लागलं. पण सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, रक्तपेढी म्हटलं की आम्हाला कोल्हापूर गाठावं लागतं, मग ते सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असो की खासगी दवाखाना. आणि पावसाळ्यात ही वाटच भरवशाची राहत नाही. जुलै २०२१ मध्ये चार दरवाजाजवळचा मुख्य रस्ता खचला आणि गडावर गाड्या येणं बंद झालं. आमच्या ओळखीची एक सातव्या महिन्यातली मुलगी दोघांचा हात धरून पावसात चालत खाली उतरली. खाली गाडी उभी होती म्हणून बरं. पंचगंगा फुगली की केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी येतं. मग वाघबिळावरून बोरपाडळे-वाठारमार्गे महामार्ग गाठायचा. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ तो महामार्गही बंद झाला होता. म्हणजे ३१ जुलै ही तारीख असणाऱ्या बाईनं 'कळा लागल्या की गाडी बोलावू' असं म्हणून गडावर बसून राहणं म्हणजे जुगार झाला.

इथे रजेचं गणित येतं. पुस्तकी हिशेब सांगतो की बाळंतपणाआधी रजा जितकी कमी घ्याल तितकी नंतर बाळासोबत जास्त मिळेल. अनेक मुली म्हणूनच शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर जातात. तब्येत ठीक असेल, घर दवाखान्याजवळ असेल तर तेही बरोबर. पण घाटावरच्या, नदीपलीकडच्या बाईचा हिशेब वेगळा. आम्ही १५ जून ठरवला आहे. त्या दिवसापासून तिची रजा सुरू होईल आणि ती कोल्हापूर शहरात तिच्या माहेरी जाईल. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली जुनी चाल इथे अगदी उपयोगी पडते. फक्त माहेरी जाताना दवाखाना बदलतो, म्हणून महिनाभर आधीच तिकडच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून ठेवलं. तपासणीचं कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार, बँकेचं पासबुक हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. पावसाळा आहे, म्हणून प्लॅस्टिकच्या.

सव्वीस आठवड्यांपैकी साधारण साडेसहा आधी गेले, तर नंतर साडेएकोणीस उरतात. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं. म्हणजे साडेसहा आठवड्यांची तूट. ती भरायची तयारीही आत्ताच करायची. नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी वेळ मिळण्याचा हक्क मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत असतो. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. हिच्या ऑफिसात तेवढी माणसं नाहीत. म्हणून ते आठवडे बाळ आजोळी, ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहील, आणि मीही तिथे जाऊन-येऊन राहीन. स्वच्छ भांड्यात काढून ठेवलेलं दूध साध्या हवेत साधारण चार तास टिकतं, हेही आम्ही विचारून घेतलं. माझ्या विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी एवढा हिशेब नव्हता हो." मी म्हटलं, "नव्हता, म्हणून तर करायचा."

हे सगळं पगारी बाईचं झालं. तीन दरवाजाकडे पर्यटकांना झुणका-भाकर आणि दही विकणाऱ्या बायका आमच्या रोजच्या ओळखीच्या. त्यांना रजा कोण देणार? नवव्या महिन्यापर्यंत चुलीपुढे बसणारी बाई मी पाहिली आहे. तिच्यासाठी सव्वीस आठवडे नाहीत. जे आहे ते असं. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. त्या गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे नंबर आहेत. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपये हप्त्यानं मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पाच हजारात सहा महिन्यांची कमाई भरून निघत नाही, हे उघड आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी खर्चाचा वाटा सरकारनं उचलावा म्हटलं, तो प्रश्न या चुलीपुढच्या बाईपुरता अजून पुरा सुटलेला नाही. पण जे आहे तेही वेळेवर नाव नोंदवणारीलाच मिळतं. तिनं गल्लीतल्या आशाताईंना तिसऱ्या महिन्यातच सांगायला हवं. म्हणजे पुन्हा सांगणंच आलं.

मुलींना मी एवढंच म्हणेन की यात लाजण्यासारखं आणि लपवण्यासारखं काही नाही. आणि घरच्यांना, विशेषतः माझ्यासारख्या सासवांना, की सून सांगायला आली तर "मत बोल" म्हणू नका. तिच्याबरोबर बसून अर्ज लिहा. साहेबांनाही एक विनंती. चेहरा उतरू देऊ नका, निदान तिच्यासमोर तरी. ती आधी सांगते आहे, याचा अर्थ तिला काम सोडायचं नाही.

आत्ता मे महिना चालू आहे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून झाली, दुपटी धुऊन उन्हात वाळवली. १५ जूनला पाऊस लागायच्या आत आम्ही तिला खाली पोचवणार. सामान माझा मुलगा भरतो आहे. फाईल कुठे ठेवू म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं, सगळ्यात वर, हाताशी येईल अशी.